तंबूतला मुक्काम

आमच्या शाळेच्या पडवीत उभे राहिले की समोर भूषणगड दिसतो. चहूकडे उघडाबोडका माळ आणि मध्येच हा एकटा डोंगर. वर हरणाईदेवीचे देऊळ आहे. दरवर्षी मी पोरांना घेऊन गडावर जातो, आणि दरवर्षी कोणी ना कोणी पोरगा विचारतोच, “गुरुजी, इथं लढाई झाली होती का?” लढाईपेक्षा मोठी गोष्ट या गडाच्या पायथ्याशी घडून गेली आहे, पण ती मी आजवर पोरांना नीटशी सांगितली नव्हती. ती आता सांगावयाची वेळ आली, तीही एका मोठ्या झालेल्या पोरामुळे.

माझा एक जुना विद्यार्थी राजस्थानात गलाईच्या धंद्यात आहे. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या आमच्या तालुक्यांतली हजारो माणसे सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करीत देशभर पसरली आहेत. पावसाने पाठ फिरवलेल्या मुलखातून निघालेला पोरगा वाळवंटात जाऊन सधन झाला, ही दैवाची मौजच म्हणावयाची. गेल्या हिवाळ्यात त्याने मला आग्रहाने बोलावून घेतले आणि जैसलमेरच्या पलीकडे, सम या गावच्या वाळूच्या टेकड्यांत, एका आलिशान तंबूत दोन रात्री नेऊन ठेवले. तंबू कसला, महालच तो! खाली गालिचा, वर झुंबर, मऊ बिछाना, न्हाणीघरात गरम पाण्याचा फवारा. रात्री शेकोटीभोवती मांगणियारांचे गाणे. मी हरखून गेलो, हे कबूल करावयास मला लाज वाटत नाही. फक्त त्या फवाऱ्याखाली मला दोन मिनिटांपेक्षा जास्त उभे राहवेना. हात आपोआप तोटीकडे जाई. आणि पहाटे फिरावयास बाहेर पडलो तेव्हा तंबूंच्या मागच्या अंगाला एक टँकर रिता होताना दिसला. टँकर ओळखावयास मला कोणी शिकवावे लागत नाही.

निघताना शिष्याने विचारले, “गुरुजी, एका रात्रीला एवढे पैसे. वसूल झाले का?” आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. भूषणगडाच्या बाजूला त्याच्या आजोबांचा पडीक माळ आहे. तिथे असेच वीस तंबू ठोकावेत, पुण्यामुंबईची माणसे येऊन राहतील, असा त्याचा बेत होता. “आपल्याकडं तरी दुसरं काय आहे गुरुजी? वाळवंटच की!” गावात दोन तट पडले होते. काहींना पोरांना काम मिळेल अशी आशा, तर काहींना विहिरीची काळजी. माझा सल्ला त्याला हवा होता.

मी म्हणालो, “असा तंबूंचा गाव आपल्या मुलखात एकदा येऊन गेला आहे. त्याची हकीकत आधी ऐक, मग ठरव.” ती हकीकत त्या दिवशी गाडीच्या गडबडीत अर्धीच राहिली. ती आज येथे पुरी करतो. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. मोठ्यांनी शोधून ठेवलेले वाचावे आणि आपल्या मुलखाच्या मापाने मोजून पाहावे, एवढेच मास्तराचे काम.

तो गाव म्हणजे औरंगजेब बादशहाची छावणी.

१६८१ साली बादशहा दक्षिणेत उतरला, तो परत उत्तरेत गेलाच नाही. १६८६ त विजापूर पडले, १६८७ त गोवळकोंडा पडला, १६८९ त संभाजीमहाराजांचा वध झाला. तिन्ही कामे झाली, आता परत फिरावयास हरकत नव्हती. पण मराठ्यांचा राजा गेला तरी मराठ्यांचे राज्य सापडेना, आणि ते सापडेपर्यंत बादशहा तंबूतून उठेना. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी आलेला हा माणूस १७०७ साली अहमदनगरास वारला तोही छावणीतच. पंचवीस वर्षांचा मुक्काम!

छावणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चार राहुट्या आणि दाव्याला बांधलेली घोडी उभी राहतात. मोगली छावणीचे तसे नव्हते. तिची घडी अकबराने बसवून दिली होती, आणि अबुल फजलाने ‘ऐने अकबरी’त तिचा बारीकसारीक हिशेब लिहून ठेवला आहे. एक बादशाही मुक्काम हलवावयाचा तर शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाडे आणि शंभर हमाल लागत. तंबू ठोकणारे फर्राश एक हजार, वाट साफ करणारे बेलदार पाचशे, पाणके शंभर, झाडूवाले दीडशे. बादशहाचा खासा भाग लाल कनातींनी वेढलेला असे. त्याला गुलालबार म्हणत. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवून लावावेत, पिण्याचे पाणी सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून गार करावे, अशी सारी तजवीज असे. आणि तंबूंचे सगळे सामान दुहेरी असे. बादशहा एका तंबूत झोपलेला असतानाच दुसरा संच, ज्याला पेशखाना म्हणत, तो पुढच्या मुक्कामावर रवाना झालेला असे. सकाळी निघून बादशहा पोचावा तो त्याच्यासाठी तोच महाल पुन्हा उभा! आजची कोणतीही बडी हॉटेलकंपनी एवढी बडदास्त ठेवीत असेल, असे मला वाटत नाही.

औरंगजेबाच्या काळी ही छावणी किती फुगली होती ते १६९५ साली एका इटालियन प्रवाशाने पाहिले. जेमेल्ली कारेरी त्याचे नाव. तेव्हा बादशहा कृष्णाकाठी गलगल्यास होता. कारेरी म्हणतो, छावणीचा घेर तीस मैल. बादशहा आणि शाहजादे यांच्या तंबूंनीच तीन मैलांचा घेर व्यापलेला. साठ हजार स्वार, एक लाख पायदळ, पन्नास हजार उंट, तीन हजार हत्ती, अडीचशे बाजार, आणि एकंदर माणूस पाच लाख. प्रवाशांच्या आकड्यांत फुगवटा असतो हे मला ठाऊक आहे. निम्मे धरले तरी आमच्या मुलखाला ते पेलणारे नव्हते. आणि गंमत पाहा, या सगळ्या वैभवाच्या मध्यभागी कारेरीला दिसला तो एक वाकलेला, पांढऱ्या दाढीचा, साध्या पांढऱ्या मलमलीतला म्हातारा. तो चष्म्यावाचून अर्ज वाचून त्यांवर शेरे लिहीत होता. चैन त्याच्यासाठी होती, पण त्याला ती नको होती. ज्यांना हवी होती त्यांना घर हवे होते.

आता माझा मास्तरी हिशेब. कारेरीचाच आकडा घेऊ. माणशी नुसते पिण्यापुरते दोन लिटर धरले तर पाच लाख माणसांना दहा लाख लिटर. घोड्याला आणि उंटाला सरासरी तीस लिटर धरले तर साठ हजार घोड्यांना अठरा लाख आणि पन्नास हजार उंटांना पंधरा लाख. हत्तीला दीडशे लिटर धरले तर तीन हजार हत्तींना साडेचार लाख. बेरीज साडेसत्तेचाळीस लाख लिटर. आमच्याकडे येतो तसल्या दहा हजार लिटरच्या टँकरांच्या भाषेत बोलावयाचे तर रोजच्या पावणेपाचशे खेपा, आणि यात आंघोळ, स्वयंपाक, बैल, धुणे काहीच धरलेले नाही. धान्य वंजाऱ्यांचे तांडे दुरून आणीत, पण पाणी तांड्यावर येत नाही. ते त्या त्या गावच्या नदीतून आणि विहिरीतूनच उपसले जाई.

गलगल्यापासचे पाणी कृष्णेचे होते, म्हणून निभावले. पुढे १६९५ पासून चार वर्षे मुक्काम भीमेकाठी ब्रह्मपुरीस होता, तेही निभावले. पण १६९९ च्या ऑक्टोबरात बादशहाने ठरवले की किल्ले आता जातीने घ्यावयाचे. जनाना आणि जड सामान ब्रह्मपुरीस ठेवले. अशा मागे ठेवलेल्या तळाला फार्सीत ‘बुनगाह’ म्हणत, आणि आपला ‘बुणगे’ हा शब्द त्यावरूनच आला. उरलेले लष्कर घेऊन तो साताऱ्याच्या मुलखात शिरला. कराडजवळचा वसंतगड नोव्हेंबरात हाती आला. डिसेंबरात सातारच्या किल्ल्याला वेढा पडला, आणि करंजे गावाजवळ बादशहाचा डेरा उभा राहिला.

सातारा चार महिने लढला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली दोन सुरुंग उडवले. पहिल्याने किल्ल्यातले लोक गाडले गेले. दुसरा उलटला. तट बाहेरच्या अंगाला ढासळला आणि चढाईसाठी दबा धरून बसलेले मोगलांचेच सुमारे दोन हजार लोक त्याखाली चिरडले गेले. किल्ला अखेर पडला, पण तो सुरुंगाने नव्हे. मार्चच्या आरंभी सिंहगडावर राजाराममहाराज वारले होते. ती बातमी आल्यावर किल्लेदाराने बोलणी लावली. बादशहाने किल्ल्याचे नाव ‘आज़मतारा’ ठेवले. लगेच परळीचा किल्ला, म्हणजे आपला सज्जनगड, वेढला आणि जूनमध्ये तोही बोलण्यानेच घेतला. त्याचे नाव ‘नौरसतारा’. नावे ठेवावयाची बादशहाला मोठी हौस होती. मिरजेचे नावही मोगली कागदांत ‘मुर्तजाबाद’ असे येते. नावे कागदावर राहिली, लोकांच्या तोंडी सातारा साताराच राहिला.

आणि मग आमचा पाऊस आला.

सातारा जिल्ह्याची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला चटकन समजत नाही. या एकाच जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला दोनशे इंचांच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला माण आणि खटाव आहेत. तिथे वीस इंच पडला तर सुकाळ. परळी आहे पावसाच्या अंगाला. आषाढाच्या तोंडी ते अगडबंब लष्कर तिथून पूर्वेकडे, आमच्या कोरड्या अंगाला निघाले, ते केवळ पावसातून सुटका व्हावी म्हणून. परळी ते भूषणगड हे अंतर सुमारे पंचेचाळीस मैलांचे. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या तारखांप्रमाणे ते कापावयास पस्तीस दिवस लागले. २१ जूनला निघालेला बादशहा २५ जुलैला भूषणगडास पोचला. वाटेत भरलेली कृष्णा, गुडघाभर चिखल, मरून पडलेले उंट आणि बैल. ज्यांच्या तंबूत गालिचे होते ते सरदारही त्या चिखलातून पायी चालले. दिवसाला सव्वा मैल! माझ्या शाळेतली पोरे पाठीला दप्तर बांधून याहून अधिक चालतात.

महिनाभर छावणी भूषणगडाखाली होती. आमच्या शाळेसमोरचा तो माळ, तेथे हे सारे घडले. आमच्या विहिरींचे त्या महिन्यात काय झाले असेल? बखरकाराने ते लिहिले नाही, आणि मोगली अखबारात विहिरींना जागा नव्हती. ऑगस्टअखेर मुक्काम हलला आणि माणगंगेच्या काठी खवासपुरास गेला. ते गाव आज सांगोले तालुक्यात आहे. सांगलीच्या आटपाडी तालुक्यातून पुढे गेले की त्याच नदीवर ते लागते.

माणगंगा ही कसली नदी आहे हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला कळते. शंभूमहादेवाच्या डोंगरात ती उगम पावते. दहिवडी, म्हसवड करीत खाली येते. वर्षातले बरेच महिने तिच्यात पाण्यापेक्षा वाळू अधिक. पण परतीचा पाऊस आमचा मुख्य पाऊस, आणि तो डोंगरात कोसळला की कोरडी नदी एका रात्रीत दोन्ही थड्या भरून वाहते. म्हणून आमचे कोणी नदीच्या पात्रालगत घर बांधीत नाही. दिल्लीच्या माणसाने वाळू पाहिली. सपाट, स्वच्छ, मऊ जागा, तंबूंना उत्तम! गावकऱ्याला त्याने विचारले नाही. विचारले असते तरी त्या लाल कनातीपर्यंत कोणता गावकरी पोचणार होता?

१ ऑक्टोबर १७०० ची मध्यरात्र. वर डोंगरात पाऊस कोसळला आणि माणगंगा एकाएकी छावणीत शिरली. अंधार, आरोळ्या, वाहून चाललेले तंबू, दाव्यासकट जाणारी जनावरे. गलका ऐकून बादशहाला वाटले मराठेच छाप्यास आले. घाईने उठताना त्याचा पाय घसरला आणि गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसवता आला नाही. उरलेले आयुष्य बादशहा लंगडत चालला. तैमूरलंगाचा वारसा अखेर अंगावर आला, असे म्हणून खुशामतखोरांनी त्याचे समाधान केले म्हणतात.

संताजी घोरपड्याने तुळापुरी शाही डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून नेले, ही बखरीतली कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावी. तो संताजीही पुढे, १६९७ साली, आमच्याच शंभूमहादेवाच्या डोंगरात आपल्याच माणसाच्या, म्हसवडच्या नागोजी मान्याच्या हातून गेला. ते मात्र आपण हळू आवाजात सांगतो. पण बादशहाला जन्माचा लंगडा करण्याचे काम कोणा सरदाराने केले नाही. ते आमच्या कोरड्या नदीने एका रात्रीत केले.

मग प्रश्न तोच: एवढा मुक्काम वसूल झाला का?

मनुची नावाचा इटालियन त्या काळी हिंदुस्थानात होता. तो लिहितो, की दख्खनच्या या लढायांत दरसाल एक लाख माणूस आणि तीन लाख जनावर मरे. शिपायांचे पगार तीन-तीन वर्षे थकले. भीमसेन सक्सेना हा मोगलांच्याच चाकरीतला बऱ्हाणपूरचा कायस्थ. त्याने लिहून ठेवले आहे, की घरचा विरह सोसवेना म्हणून लोकांनी बायकापोरे छावणीतच आणली, आणि तंबूतच जन्मलेली, तंबूतच वाढलेली एक नवी पिढी तयार झाली. भिंतीचे घर म्हणजे काय हे त्या पोरांना ठाऊक नव्हते. आणि मिळवले काय? बादशहाचे डोळे मिटण्याआधीच साताऱ्यावर पुन्हा मराठ्यांचे निशाण लागले होते.

त्या छावणीचा मुक्काम वसूल झाला तो एकाच पाहुण्याला, आणि तो पाहुणा कैदी होता. १६८९ साली रायगड पडला तेव्हा येसूबाईंबरोबर सात वर्षांचे शाहूमहाराज मोगलांच्या हाती लागले. तेव्हापासून १७०७ पर्यंत ते बादशाही तळावरच वाढले. १७०० सालचा एक प्रसंग सांगतात. शाहू पिवळे पडलेले पाहून बादशहाने कारण विचारले. कैदेत असता हिंदू शिजवलेले अन्न घेत नाही, म्हणून ते फळांवर आणि मिठाईवर राहतात, असे त्याला कळले. बादशहाने निरोप धाडला, की तुम्ही कैदेत नाही, आपल्याच घरी आहात, जेवत जा. मला या प्रसंगात दोघांचाही मोठेपणा दिसतो. पण खरे कोण बोलत होते, हे अठरा वर्षांच्या पोराला कळत होते. रेशमी कनात झाली म्हणून ते घर होत नाही.

सुटून आल्यावर १७०८ च्या जानेवारीत शाहूंनी साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेतला, आणि त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षे, १७४९ साली मरेपर्यंत, त्यांनी सातारा फारसा सोडला नाही. त्यांच्या पेशव्यांची घोडी माळव्यात नि उत्तरेत दौडत होती, राजा मात्र आपल्या गावी होता. काही इतिहासकारांना हा त्यांचा आळस वाटतो. मला तसे वाटत नाही. ज्याचे सारे बालपण तंबूत गेले, त्याला भिंतीची किंमत कळली होती. पंचवीस वर्षे फिरून बादशहाला जे कळले नाही ते त्याच्या कैद्याला कळले, की राज्य करावयाचे ते माणसांत राहून, मुलखाला विचारून.

आता माझ्या शिष्याला द्यावयाचे उत्तर.

बाळ, तंबू वाईट नव्हेत. त्या वाळूतल्या दोन रात्री मला गोड लागल्या, आणि पुण्याच्या माणसाने आमचे चांदणे पैसे देऊन पाहिले तर त्यात कोणाचे वाईट नाही. तुझ्या वीस तंबूंना बादशहाच्या छावणीशेजारी बसवणे हा अन्याय होईल. पण मुक्काम वसूल झाला का, हे तू पाहुण्याला विचारू नकोस. पाहुणा नेहमीच हो म्हणतो. तो प्रश्न माळाला विचारावयाचा असतो. तुझा फवारा कोणाच्या विहिरीवर चालणार? गाव उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभे असताना तुझ्या न्हाणीघरात पाणी असेल, तर गावाने तुला काय म्हणावे? टेंभूचे पाणी आटपाडीकडे आले, जिहे-कठापूरचे आमच्या अंगाला येऊ लागले, पण ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहणाऱ्या शेताचे आहे. पावसाचे पाणी तुझ्या माळावर अडव, तळे कर, ते भरेल तेवढेच तंबू ठोक. वीस भरणार नसतील तर पाच ठोक. आणि जागा निवडताना नकाशा पाहू नकोस, गावातल्या म्हाताऱ्याला विचार. ओढा कुठून फुटतो ते त्याला ठाऊक असते.

त्या मोगली छावणीत एक फार सुंदर वस्तू होती, ती सांगून संपवतो. अबुल फजल सांगतो, की छावणीच्या मध्यावर चाळीस गजांहून उंच एक काठी उभी करीत. तिला सोळा दोरांनी ताणून धरीत आणि तिच्या टोकावर रात्री मोठा दिवा लावीत, म्हणजे वाट चुकलेल्याला दुरून आपला तंबू सापडावा. त्या दिव्याला ते ‘आकाशदिया’ म्हणत. पाच लाख माणसांच्या त्या गावात सगळ्यांना वाट दाखवणारा एकच दिवा होता, आणि तोही घराची नव्हे, तंबूची वाट दाखवीत होता.

या दिवाळीत माझा शिष्य गावी येणार आहे, असे पत्र आले आहे. आजोबांच्या माळावर तो मला घेऊन जाणार आहे. तळ्याची जागा पाहावयाची म्हणतो.